व्यसन, जुन्या जखमा आणि ख्रिस्तावरचा विश्वास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्यसनातून बाहेर पडू पाहणारी माणसं आणि त्यांच्या घरचे लोक पाळकांना, व्यसनमुक्ती गटातल्या जुन्या सोबत्यांना आणि एकमेकांना जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं ख्रिस्ती विश्वासातून दिली आहेत. जिथे काम डॉक्टरांचं आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

जीव द्यावासा वाटत असेल, झटके येत असतील, भास होत असतील किंवा घरात मारहाण चालू असेल, तर पुढचं वाचत बसू नका. जवळच्या माणसाला हाक मारा, रुग्णालय गाठा. बाकीचं नंतर वाचता येईल.

व्यसन हे पाप आहे की आजार?

पाळक म्हणतात पाप, डॉक्टर म्हणतात आजार, आणि मधल्यामध्ये माणूस दोघांच्याही हातून निसटतो. म्हणून हा प्रश्न नीट घ्यायला हवा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात दारू आणि इतर पदार्थांवरचं अवलंबित्व आजार म्हणूनच नोंदलेलं आहे. मेंदूतली सुखाची, सवयीची आणि निर्णय घेण्याची यंत्रणा हळूहळू बदलत जाते. आधी थोड्यात भागायचं, मग तेवढंच पुरेनासं होतं, आणि एक दिवस असा येतो की सुखासाठी कोणी पीत नाही. हात थरथरू नयेत म्हणून सकाळी पितो. प्रेषित पौलाने बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात लिहिलं आहे, की जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच मी करून बसतो. व्यसनात अडकलेल्या माणसाला हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

पण आजार म्हटलं की जबाबदारी संपली, असंही नाही. बायकोच्या पाकिटातून काढलेले पैसे, मुलांना दिलेली खोटी वचनं, नशेत उगारलेला हात, ही पापं आहेत. ती कबूल करावी लागतात आणि जमेल तिथे भरपाईही करावी लागते. तलफ येणं हे मात्र पाप नाही. तलफ शरीराला येते, तहान लागावी तशी.

या दोन्हींच्या खाली बरेचदा तिसरी गोष्ट असते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. ती म्हणजे जखम. लहानपणी झालेली मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवडिलांपैकी कोणाचं तरी अचानक जाणं, युद्ध, दंगल, अपघात. हे त्या माणसाने केलेलं नाही, त्याच्यावर आलेलं आहे. पापाला क्षमा लागते, आजाराला उपचार लागतात, आणि जखमेला सुरक्षित जागा, वेळ आणि सोबत लागते. मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, सर्रास एक चूक होते. ज्याच्यावर अत्याचार झाला त्यालाही पश्चात्ताप करायला सांगितलं जातं, आणि मग तो माणूस आयुष्यभर नसलेल्या गुन्ह्याची माफी मागत राहतो. पुढची सगळी उत्तरं हा फरक मनात ठेवून वाचावीत अशी विनंती आहे.

एका प्रार्थनेत व्यसन सुटल्याच्या साक्षी (मंडळीपुढे सांगितलेले अनुभव) मी ऐकल्या आहेत. माझं का सुटत नाही?

काहींचं तसं सुटतं आणि ते खोटं बोलत नसतात. देव तसं करू शकतो असा आमचा विश्वास आहे. पण त्यालाच नियम मानलं, तर ज्यांचं हळूहळू सुटतं ती माणसं उगाच स्वतःला नाकारलेली समजतात.

संत ऑगस्टीन यांचं परिवर्तन इ.स. ३८६ मध्ये मिलानमधल्या एका बागेत झालं, हा प्रसंग बहुतेकांना माहीत असतो. त्याआधी कित्येक वर्षं ते वासनेशी झगडत होते आणि मनातल्या मनात ‘आज नको, नंतर’ म्हणत होते, हे मात्र साक्षीत सांगायचं राहून जातं.

डब्लिनचे मॅट टॅल्बट (१८५६–१९२५) यांची गोष्ट मला जास्त कामाची वाटते. साधे कामगार, लहान वयातच दारूच्या आहारी गेलेले. मजुरी दारूत जायची, इतकी की एकदा सोबत्यांसह रस्त्यावरच्या एका वादकाचं फिडल चोरून विकलं. १८८४ मध्ये त्यांनी दारू न पिण्याची शपथ घेतली, तीही फक्त तीन महिन्यांची. ती पाळली गेल्यावर सहा महिन्यांची, आणि मग कायमची. सुरुवातीचे दिवस फार कठीण गेले. दारूच्या गुत्त्यात शिरायचा मोह होऊ नये म्हणून ते खिशात पैसेच ठेवत नसत. संध्याकाळी, जेव्हा सोबती प्यायला जात, तेव्हा ते चर्चमध्ये जाऊन बसत. जुनी उधारी एकेक करून फेडली. त्या वादकाला पुष्कळ शोधलं, तो सापडला नाही. चर्चच्या वाटेवर त्यांना मरण आलं तोवर ४० हून अधिक वर्षं ते दारूपासून दूर राहिले होते.

इथे चमत्कार कुठे आहे? मला तर तो त्या तीन महिन्यांच्या शपथेत दिसतो. तेवढीच ताकद होती, तेवढीच त्यांनी देवापुढे ठेवली.

उद्यापासून दारू एकदम बंद करायची आहे. उपास-प्रार्थना करून करू का?

रोज भरपूर पिणारे असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हे उत्तर कृपया हलक्यात घेऊ नका.

शरीराला दारूची सवय जडलेली असताना ती अचानक तोडली, तर शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, घबराट सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर यात माणूस दगावू शकतो. झोपेच्या किंवा चिंतेच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेऊन एकदम थांबवल्या तरी असाच धोका असतो.

रुग्णालयात हे काही दिवस औषधांच्या आधाराने सुखरूप पार पडतात. बी-१ हे जीवनसत्त्वही दिलं जातं, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा दिवसांत उपास करणं धोक्याचं आहे. उपास तुमच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी करावा. तुम्ही जेवा, पाणी प्या आणि डॉक्टरांचं ऐका. अशा अवस्थेतल्या माणसाला खोलीत कोंडून फक्त प्रार्थना करत बसणं हा विश्वास नाही, जिवाशी खेळ आहे.

औषधं घेतली तर माझा विश्वास कमी आहे असं होईल का?

नाही. लूक वैद्य होता आणि पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलं आहे. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, अफूवर्गीय (हेरॉइनसारख्या) नशेसाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन आहेत, नैराश्यासाठी वेगळी आहेत. कोणतं कोणाला आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. प्रार्थना झाल्यावर आनंदाच्या भरात गोळ्या फेकून देऊ नका, आणि कोणी व्यासपीठावरून तसं करायला सांगितलं तरी करू नका.

सोडून काही आठवडे झाले. आता तर जास्तच वाईट स्वप्नं पडतात. माझं काही चुकतंय का?

चुकत नाही. पुष्कळांच्या बाबतीत असं होतं, आणि कोणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून माणूस घाबरून परत बाटलीकडे जातो.

नशेचं एक काम होतं. आठवण दाबायची, झोप आणायची, अंगातली भीती बधिर करायची. ती काढून घेतल्यावर दाबलेलं वर येतं. अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी बालपणीच्या वाईट अनुभवांवर केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारझोड पाहणं, घरात कोणी व्यसनी असणं अशा अनुभवांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात दारूचं व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पटींनी जास्त दिसला. म्हणजे ‘मनाने कमकुवत’ हा शेरा मारण्याआधी त्या मनावर काय काय कोसळलंय ते विचारायला हवं.

आघाताची आठवण साध्या आठवणीसारखी वागत नाही. कोणी दार जोरात आपटलं, विशिष्ट वास आला, मागून कोणी खांद्यावर हात ठेवला, की शरीर तीस वर्षांपूर्वीच्या त्या खोलीत जाऊन पोचतं. छाती धडधडते, हातपाय गार पडतात. याला विश्वासाची कमतरता म्हणणं म्हणजे भाजलेल्या माणसाला फोड आल्याबद्दल दोष देणं आहे. यावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलणारे) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आठवण हाताळणारे) या दोन्ही पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये शिफारस केलेल्या आहेत. प्रशिक्षित माणसाकडूनच ते घ्यावेत. अगदी पहिल्याच आठवड्यात सगळं खोदून काढायची घाई नको, आधी थोडं स्थिर होऊ द्या.

पवित्र शास्त्रात मला या बाबतीत एलीयाचा प्रसंग फार जवळचा वाटतो (१ राजे १९). जिवाच्या भीतीने पळालेला संदेष्टा झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया खाऊन परत झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा खायला देतो, आणि म्हणतो की वाट तुला झेपणारी नाही, खाऊन घे. देवाचा सौम्य आवाज त्याला ऐकू आला तो यानंतर, बऱ्याच दिवसांनी. आधी झोप आणि अन्न, मग बोलणं.

ज्याने माझ्यावर अत्याचार केला त्याला क्षमा करायलाच हवी का?

हा प्रश्न विचारताना बऱ्याच जणांचा आवाज बदलतो, कारण त्यांना आधी कोणीतरी घाईघाईने ‘हो, केलीच पाहिजे’ असं सांगून गप्प केलेलं असतं.

येशूने क्षमा शिकवली आणि आम्ही ती मऊ करून सांगणार नाही. पण क्षमा म्हणजे काय नव्हे, ते आधी सांगायला हवं. जे झालं ते किरकोळ होतं असं म्हणणं म्हणजे क्षमा नव्हे. त्या माणसाशी पुन्हा संबंध जोडणं, त्याच्या घरी जेवायला जाणं, आपल्या मुलांना त्याच्याजवळ सोडणं म्हणजे क्षमा नव्हे. पोलिसांत तक्रार न करणं तर मुळीच नव्हे; तुम्ही मनाने क्षमा करून न्यायालयात साक्षही देऊ शकता. अत्याचार लहान मुलावर झाला असेल किंवा होत असेल, तर तो कायदेशीर यंत्रणेला कळवणं हे पाळकाचंही कर्तव्य आहे आणि ‘मंडळीचं नाव खराब होईल’ हे कारण तिथे चालत नाही.

तामारेची कहाणी (२ शमुवेल १३) मंडळीत क्वचितच वाचली जाते. सावत्र भाऊ अम्नोन तिच्यावर बलात्कार करतो. ती राख डोक्यात घालून, अंगावरचा झगा फाडून मोठ्याने रडत जाते, म्हणजे ती गप्प बसलेली नाही. गप्प तिला केलं जातं: सख्खा भाऊ अबशालोम सांगतो की आता बोलू नकोस, तो तुझा भाऊ आहे. बाप दावीद राजा आहे. तो संतापतो आणि काहीही करत नाही. पुढे त्या घराण्यात खून पडतो, बंड होतं, आणि शास्त्र यातलं काहीही झाकत नाही. ज्या ग्रंथाने तामारेचं रडणं लिहून ठेवलं, त्याच ग्रंथाच्या नावाने आज कोणाला गप्प बसवलं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं.

योसेफाचंही बघा. त्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना त्याने क्षमा केली हे सगळे सांगतात. पण भाऊ समोर आल्यावर त्याने लगेच मिठी मारली नाही. ओळख लपवली, त्यांची परीक्षा घेतली, धाकट्या बन्यामीनाला ते सोडून जातात की त्याच्या बाजूने उभे राहतात ते पाहिलं. मधे दोनदा बाजूला जाऊन रडला. भावांपैकी यहूदा स्वतः गुलाम व्हायला पुढे आला, तेव्हा योसेफाने आपली ओळख दिली. भाऊ बदललेत का हे पाहायला त्याने वेळ घेतला, तो तुम्हीही घेऊ शकता.

आज क्षमा करता येत नसेल तर देवाला तसं सांगा. स्तोत्रसंहितेत रागाची, सूडाचीसुद्धा गाऱ्हाणी आहेत, आणि ती प्रार्थनाच मानली गेली आहेत. सूड देवाच्या हाती सोपवणं ही बहुतेकांसाठी पहिली पायरी असते. पुढच्या पायऱ्यांना वर्षं लागली तर लागू द्या.

हे घडत होतं तेव्हा देव कुठे होता?

याचं दोन ओळींचं उत्तर जो देईल त्याच्यापासून जरा जपून राहा. ‘देवाने तुला घडवण्यासाठी हे केलं’ असं म्हणणाऱ्यापासून तर जास्तच.

आमच्याजवळ आहे ते एवढं: ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. ज्याला आम्ही देव मानतो त्या येशूला पकडलं गेलं, मित्रांनी सोडलं, कपडे काढून चारचौघांत मारलं गेलं. पुनरुत्थानानंतरही त्याच्या हातांवरचे व्रण गेले नव्हते. शिष्य थोमाला त्याने तेच दाखवले. याने प्रश्न सुटत नाही, पण ज्याच्यापुढे आपण रडतोय त्याला हे ठाऊक आहे एवढं कळतं.

पंडिता रमाबाईंनी १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, पुढे भाऊ आणि पतीही गेले. १८९६च्या दुष्काळात मात्र त्या स्वतः जाऊन अनाथ, अत्याचारग्रस्त मुलींना घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना आसरा दिला. त्यांचं दुःख ‘चांगल्यासाठीच’ होतं असं मी म्हणणार नाही. त्या दुःखातून त्यांना उपाशी मुलीचा चेहरा ओळखता येत होता, एवढं मात्र दिसतं.

माझ्यात दुष्टात्मा आहे, त्याला काढलं की व्यसन जाईल, असं सांगितलं गेलं.

आधी डॉक्टर, मग बाकीचं. भास, आवाज ऐकू येणं, अंग ताठ होणं याची वैद्यकीय कारणं असू शकतात आणि ती तपासली गेलीच पाहिजेत. मारणं, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं, ओरडून भीती घालणं हे कोणी प्रार्थनेच्या नावाखाली करत असेल तर तिथून निघून जा. मार्क ५ मध्ये कबरांत राहणाऱ्या माणसाला लोकांनी साखळदंडांनी बांधलं होतं. येशूने त्याला नाव विचारलं. आणि शेवटी तो माणूस दिसतो तो कपडे घातलेला, शुद्धीवर आलेला, शांत बसलेला.

इतके महिने काढले आणि पुन्हा प्यालो. माझं तारण गेलं का?

नाही. येशूचा शिष्य पेत्र याने एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारलं, तेही शपथा वाहून. नंतर समुद्रकाठी येशूने त्याला तीनदा विचारलं, ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ आणि अनुयायांचा कळप त्याच्याच हाती दिला.

पण कृपेच्या भरवशावर घसरणं लपवू नका. आजच्या आज एका माणसाला सांगा. घसरल्यानंतरची लाज ही घसरण्यापेक्षा घातक ठरते, कारण ती म्हणते की आता मोडलंच आहे तर आणखी पिऊ. अफूवर्गीय नशा करणाऱ्यांसाठी एक जीवनमरणाची सूचना: काही काळ बंद ठेवल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वीचाच डोस आता श्वास थांबवू शकतो. व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले आठवडे यासाठी सर्वांत धोक्याचे असतात.

मग शांत डोक्याने मागे जाऊन बघा. प्यायच्या आधीचा दिवस कसा होता? बहुधा उपाशी पोट, अपुरी झोप, भांडण किंवा एकटेपणा यातलं काहीतरी निघतं. मत्तय १२ मध्ये येशू झाडून-पुसून रिकाम्या ठेवलेल्या घराबद्दल सांगतो: निघून गेलेला आत्मा सात जणांना घेऊन परत येतो, कारण घर रिकामं आहे. संध्याकाळचे सात ते दहा तुम्ही काय करणार, हे ठरलेलं असावं. कोणाकडे जाणार, कोणाला फोन करणार, कुठली वाट टाळणार. तलफेची लाट बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत ओसरते. तेवढा वेळ एकटं राहायचं नाही.

मी साक्ष द्यावी का?

एका विश्वासू माणसाजवळ सगळं बोलावं, हे नक्की. याकोब ५:१६ सांगतं की एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. सगळ्या मंडळीपुढे मात्र घाई करू नका. नुकत्याच सुटलेल्या माणसाला लोक हौसेने मंचावर बोलावतात, टाळ्या मिळतात, आणि तो पुढच्या महिन्यात घसरला तर त्याच लोकांना तोंड दाखवायची त्याला चोरी होते. अत्याचाराचे तपशील तर चारचौघांत सांगायची कोणावरही सक्ती नाही. पाळकांनो, तुम्हाला एकांतात सांगितलेलं प्रवचनात दाखला म्हणून वापरू नका, नाव न घेताही नाही. ओळखणारे ओळखतात.

बारा पायऱ्यांचे गट ख्रिस्ती आहेत का?

व्यसन सोडू पाहणारी माणसं बारा ठरलेल्या पायऱ्यांनी एकमेकांना आधार देतात, ते हे गट. उगम ख्रिस्ती आहे, दार सगळ्यांना उघडं आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं, बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत जात होते. कबुली, भरपाई, प्रार्थना आणि दुसऱ्याची सेवा हे तिथूनच आलं. १९३९ मध्ये पायऱ्या छापल्या गेल्या तेव्हा ‘देव, जसा आम्हाला समजला तसा’ अशी मोकळीक ठेवली. २०२० मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २७ अभ्यासांचा आढावा घेतला. दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत या गटांशी जोडून देणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे किंवा त्याहून सरस ठरले. उघडपणे ख्रिस्ती हवं असेल तर १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चमध्ये सुरू झालेला सेलिब्रेट रिकव्हरी हा कार्यक्रम आहे. त्याची आठ तत्त्वं येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातल्या ‘धन्य ते…’ या वचनांवर बेतलेली आहेत आणि तो फक्त दारूपुरता नाही.

माझं मत विचाराल तर, जवळ जो प्रामाणिक गट असेल त्यात जा. मंडळी सोडू नका आणि गटही सोडू नका.

घरातल्यांनी काय करायचं?

कामावर त्याच्या वतीने खोटं बोलू नका, त्याची उधारी फेडू नका, पण त्याला जेवायला आणि बोलायला दार उघडं ठेवा. धमकी द्यायची असेल तर पाळता येईल तीच द्या. आणि स्वतःसाठी मदत घ्या. विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये अल-अनॉन हे कुटुंबीयांचे गट सुरू करण्यात पुढाकार घेतला, कारण नवरा सुटला तरी घर आपोआप बरं होत नाही हे त्यांनी अनुभवलं होतं.

मार खाणाऱ्या बायकांना ‘सहन कर, प्रार्थना कर, तो बदलेल’ असा सल्ला आजही दिला जातो. तो ऐकू नका. मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा. प्रार्थना तिथूनही करता येते.

आमच्या मंडळीत अशी माणसं यावीत असं वाटतं. काय बदलावं?

आधी बघायला शिका. सहभागितेत, म्हणजे प्रार्थनेच्या बैठकीत, एखादी बाई नेहमी दाराजवळची खुर्ची धरते. प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, की तिचे डोळे उघडेच असतात आणि नजर दाराच्या कडीवर. तिला प्रार्थनेची आवड नाही असं समजून कोणी तिला पुढे ओढून आणलं, मागून डोक्यावर हात ठेवला, तर ती पुढच्या आठवड्यात येणार नाही. म्हणून हात ठेवण्याआधी विचारा. डोळे उघडे ठेवून प्रार्थना चालते असं मोठ्याने सांगा. दार आतून अडवू नका. पुरुष पाळकाने एकट्या स्त्रीला बंद खोलीत समुपदेशन करू नये. मानसोपचारतज्ज्ञांशी ओळख करून ठेवा आणि आपल्याला झेपत नाही तिथे माणूस त्यांच्याकडे पाठवा.

माझा ख्रिस्तावर विश्वास नाही. तरी मदत मिळेल का?

हो. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, परत एकच आला. बाकीच्या नऊ जणांचा आजार त्याने परत आणला नाही. मदतीच्या बदल्यात कोणी तुमच्यावर धर्मांतराची अट घालत असेल तर ती अट आमच्या विश्वासातली नाही.

प्रभुभोजनाच्या विधीतल्या द्राक्षारसाचं काय? एक घोट चालेल का?

दारूच्या व्यसनातून सुटलेल्या माणसाने तो टाळावा, आणि टाळण्यात कसलाही कमीपणा नाही. तलफ जागी व्हायला वास आणि चवही पुरेशी असते.

पुष्कळ प्रोटेस्टंट मंडळ्या न आंबवलेला द्राक्षांचा रस वापरतात. ही सोयही याच काळजीतून आली: १८६९ मध्ये थॉमस वेल्च या मेथडिस्ट गृहस्थांनी रस तापवून आंबणं थांबवायची पद्धत प्रभुभोजनासाठी वापरली. तुमच्या मंडळीत खरा द्राक्षारस असेल तर पाळकांना आधीच भेटून सांगा, वेगळा पेला ठेवता येतो. कॅथलिक शिकवणीप्रमाणे केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त पूर्णपणे स्वीकारला जातो, त्यामुळे पेला न घेता तुमचं काहीही राहत नाही. ज्यांना गरज आहे अशा धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला रस वापरता येतो. पेला हातोहात फिरत असेल तर तो घेऊन शेजाऱ्याकडे द्या. कोणी कारण विचारलं तर सांगायलाच हवं असं नाही.